आधी ताट बदलू, मग वर्ग घेऊ : कोकणातील वाढता लठ्ठपणा आणि गावाच्या हातातील धोरण

गुहागर तालुक्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावात गेल्या काही वर्षांत गुडघेदुखी, मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी दिसू लागले आहेत. पाचवी-सहावीतली काही मुले मैदानाला एक फेरी मारतानाच धापा टाकतात, आणि आरोग्यावर व्याख्याने होऊनही काही बदलत नाही. लठ्ठपणा हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न मानावा, की त्यावर शासनाने आणि गावाने काही करायचे असते? करायचे असेल, तर शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या हातात नेमके काय आहे?

सर, मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सार्वजनिक आरोग्याचे काम करणारी डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मला पोषणाचा जितका वाटतो तितकाच तो कारभाराचा वाटतो. माझे मत आधीच सांगते. आपल्या आसपास काय मिळते, किती स्वस्त मिळते आणि किती जवळ मिळते, यावर माणसाचे वजन त्याच्या निग्रहापेक्षा अधिक ठरते. पोषणशिक्षण हवेच, परंतु जे खा म्हणून सांगितले ते ताटात येण्याची सोय ज्या गावात नाही, तिथे ते शिक्षण ऐकणाऱ्याला दोष दिल्यासारखे वाटते आणि माणसे उठून जातात. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. सार्वजनिक पैशातून जे अन्न दिले जाते, म्हणजे शाळेचा पोषण आहार, अंगणवाडीचा आहार, रेशन आणि सरकारी कार्यक्रमांतला अल्पोपाहार, ते आधी बदलावे, मुलांच्या वाटेवर काय विकले जाते त्याकडे पाहावे, आणि मग त्या बदललेल्या ताटाच्याच आधाराने शिकवावे.

कोकणात लठ्ठपणा आहे का, ही शंका आजही वडीलधाऱ्यांकडून येते, कारण आपल्या डोळ्यांपुढे कोकणी माणूस म्हणजे काटक, सडपातळ माणूस असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा लठ्ठपणाच्या गटात होते. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के झाले. या मोजणीत वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २५ ही सीमा धरली आहे. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी मान्य केलेली सीमा याहून खालची आहे : २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला. या दोन आकड्यांतले अंतर आपल्यासाठी फार बोलके आहे, कारण आपल्याकडची चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात साठते.

याचे सर्वांत स्पष्ट विवेचन पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून झाले. त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक यडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांच्या त्यांच्या अभ्यासात जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सर्व मापांनी लहान होती, मात्र त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे गर्भात उपासमार सोसलेले मूल पुढे भरपूर उष्मांक आणि थोडे कष्ट अशा जगात वाढले, की पोट सुटणे आणि मधुमेह ही जोडी त्याच्या मागे लागते. आपल्या शाळेतली हडकुळी मुले आणि गावातली पोट सुटलेली माणसे ही दोन वेगळ्या प्रश्नांची उदाहरणे नाहीत. कुपोषणाचे काम एका खात्याने आणि लठ्ठपणाचे दुसऱ्याने करायचे ही वाटणी मला म्हणूनच मान्य नाही.

आता कोकणात नेमके काय बदलले ते पाहू, कारण चुकीच्या गोष्टीला दोष दिला तर उपायही चुकतो. पुष्कळ लोक भाताला दोष देतात. भात तर आपले आजी-आजोबाही दोन्ही वेळा खात होते, सकाळी उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतात जात होते. पण त्या भाताबरोबर कुळथाची पिठी होती, काळ्या वाटाण्याची उसळ होती, बांगडा, तारली किंवा पावसाळ्यात सुका जवळा होता, आणि टाकळा, कुरडू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला यांतले काहीतरी बहुतेक वेळा होते. भाकरी तांदळाइतकीच नाचणीची होती. आणि त्या सगळ्याच्या मागे कष्ट होते : भाजावळ, लावणी, कवळ तोडणे, विहिरीवरून कळशा आणणे, जात्यावरचे दळण, आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला जांभ्याच्या पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेची, चढउतार. भात तेवढाच राहिला आणि त्याच्या आजूबाजूचे जवळपास सगळे निघून गेले.

यातला काही भाग धोरणानेच घडवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९० साली राज्याने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू केली आणि कोकणच्या वरकस (हलक्या जमिनीच्या) डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्यातून घराघरांत पैसा आला, मुले शिकली, आणि त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण त्याच उतारांवर नाचणी आणि वरी पिकत असे. ते धान्य ताटातून गेले तेव्हा त्याची जागा रेशनच्या तांदळाने आणि गव्हाने घेतली. भारतीय अन्नघटकांच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ असतात. पांढऱ्या तांदळात यांतले दोन्ही अगदी थोडे. मासळीचेही तसेच झाले. बोटी वाढल्या, तरी तारलीचा बराच भाग फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यांकडे जाऊ लागला आणि किनाऱ्यापासून आत चार-सहा मैलांवर राहणाऱ्या कुटुंबाला बांगडा विकत घ्यायचा म्हणजे हिशेब करावा लागतो.

दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जे शिरले, ते मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. साखरेचा चहा दिवसातून चार वेळा, त्याबरोबर खारी, बटर किंवा टोस्ट, मुलाच्या हातात पाच-दहा रुपयांचे वेफर्सचे किंवा बिस्किटांचे पाकीट, एस.टी. स्टँडवर वडापाव आणि आंब्याच्या नावाचे बाटलीबंद पेय. साखरेच्या थंड पेयांत दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शक सूचनांनी प्रौढासाठी दिवसाला २० ते २५ ग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. छोट्या बाटलीने ती मर्यादा ओलांडली जाते, आणि चहाची साखर अजून मोजायचीच असते.

गावात मागे राहणाऱ्या बायकांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आरोग्यकेंद्रात गुडघे धरून येणाऱ्या बहुतांशी त्याच असतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि त्याचे कारण सर्वांना माहीत आहे : घरचा पुरुष मुंबईला. मुले शिकायला बाहेर गेली की पन्नाशीची बाई घरात एकटी किंवा सासूबरोबर उरते. एकटीसाठी कोण मासे साफ करणार आणि उसळ भिजत घालणार? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी पुन्हा चहा आणि फरसाण, रात्री उरलेला भात. माणसे घरी असली तरी माशाची मोठी तुकडी तिच्या ताटात क्वचितच येते. अशा बाईचे वजन जास्त आणि रक्त कमी, असे दोन्ही एकदम सापडते. पाचव्या सर्वेक्षणात देशातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, तो वजनाचा काटा पाहून वगळता येत नाही. तिला 'कमी खा' असे सांगणे हा अन्याय आहे. तिला प्रथिने जास्त, भात थोडा कमी, साखर व तेल निम्मे, आणि रोज चालायला सोबत लागते. यातली शेवटची गोष्ट डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाही, ती बचतगटाकडून मिळू शकते.

आता शासनाकडे वळू. लोक शिकवलेले का पाळत नाहीत, असे विचारताना शासन स्वतः काय देते हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. भूक रोखण्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कमी करावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्यात डाळ नाही, कडधान्य नाही. दिवाळी २०२२ मध्ये राज्याने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा आणि चणाडाळीबरोबर एक किलो साखर आणि पामतेल होते. सणाला घरात गोड व्हावे ही भावना मी समजू शकते, तरी त्याच पैशात साखरेच्या जागी एक किलो नाचणी किंवा कुळीथ देता आले असते असे मला आजही वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी लोकांना तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, आणि मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. महागाई आवरण्यासाठी तसे करावे लागले असेल, पण आवाहन एका दिशेला आणि किंमत दुसऱ्या दिशेला गेली, तर माणूस किमतीच्या मागे जातो.

कराचेही तेच. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत वायुमिश्रित गोड पेये ४० टक्क्यांच्या वस्तू व सेवा कराखाली राहिली, ही योग्य गोष्ट झाली. त्याच वेळी बिस्किटे, फरसाण, चॉकलेट आणि फळांच्या गराची पेये ५ टक्क्यांवर आली. खेड्यातल्या मुलाच्या हातात वायुमिश्रित पेयापेक्षा हेच पदार्थ जास्त असतात. कर लावून काही साधते का, याचे उत्तर बाहेरच्या अनुभवात मिळते. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि पहिल्या वर्षी खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी ६ टक्क्यांनी कमी झाली. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी सुरू केली, तेव्हा कंपन्यांनी कर टाळण्यासाठी पेयांतली साखरच कमी केली. मला हा दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात ग्राहकाला काही शिकावेही लागत नाही. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता. तो नामांकित उपाहारगृहांपुरता होता आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विरून गेला. आपल्या तालुक्यांत अशी उपाहारगृहे मोजकीच, त्यामुळे तसा कर इथे लावूनही फारसे काही हाती लागणार नाही.

पाकिटावरच्या ठळक इशाऱ्याविषयी माझे मत पक्के आहे. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, स्निग्धांश वा उष्मांक असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्यांची मुलांसाठीची जाहिरात आणि शाळांतली विक्री थांबवली, आणि अशा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटावर ताऱ्यांनी गुण दाखवण्याच्या पद्धतीचा मसुदा काढला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला पाकिटावरच्या इशाऱ्याबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले. तारे म्हटले की वस्तू चांगली असा समज होतो, आणि थोडे काजू किंवा तंतुमय पदार्थ घातले की भरपूर साखरेचा दोष गुणांत झाकला जातो. ज्या आजीला बारीक इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत तिच्यासाठी काळा शिक्का हाच उपयोगी आहे. सक्तीने काय साधते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे : तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स स्निग्धांशाची (हृदयाला घातक अशा चरबीची) मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली, आणि त्यासाठी कोणालाही व्याख्यान द्यावे लागले नाही.

हे सगळे दिल्ली-मुंबईचे झाले. शाळेच्या आणि गावाच्या हातात काय आहे ते आता सांगते, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

शाळेपासून सुरुवात करा. पोषण आहाराच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. लहान मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. तांदूळ वजनाने बरोबर शिजतो, भाजी मात्र अनेक ठिकाणी आमटीत रंगापुरती दिसते. तांदूळ आणि किराणा वरून येतो, भाजी आणि पूरक आहार स्थानिक पातळीवर घेतले जातात, आणि आपली मोकळीक नेमकी तिथेच आहे. ब्राझीलने २००९ मध्ये कायदा करून शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखली. आपल्याकडे असा कायदा नसला तरी शाळा व्यवस्थापन समितीला ठराव करून गावातल्या बचतगटाकडून लाल माठ, शेवगा, पडवळ, भोपळा, चवळी आणि घरची केळी घेता येतात. परसबाग असेल तर शेवग्याची दोन झाडे आणि अळूचा वाफा यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना फार निगा लागत नाही आणि पानांची तूट पडत नाही. पूरक आहाराच्या दिवशी बिस्किटांचा पुडा कधीही नको. भाजलेले शेंगदाणे, उकडलेले चणे, केळे, नाचणीची कमी गुळाची आंबील यांतले काहीही चालेल. राज्याने २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, हे मला दुःखद वाटते, कारण प्रथिनांच्या बाबतीत अंड्याइतके सोपे, भेसळरहित आणि मोजता येण्यासारखे दुसरे काही नाही. गावच्या चाकरमानी मंडळाकडून दरवर्षी शाळेला वह्या-दप्तरे मिळतात. त्यांना अंड्यांचा खर्च उचलण्याची विनंती करून पाहा, आणि जी कुटुंबे अंडी खात नाहीत त्यांच्या मुलांसाठी केळी व शेंगदाणे ठेवा.

शिकवण्याचा भाग या जेवणातच बसतो. जपानने २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा कायदा केला आणि पोषण-शिक्षक हे पद निर्माण केले. तिथे शाळेतले जेवण हाच धडा असतो, मुलेच वाढतात आणि काय, कुठून आले याची चर्चा करतात. आपल्या शाळेत यासाठी नवे पुस्तक नको. पाचवीच्या वर्गाने एका महिन्याचे तेल मोजावे. प्रत्येकाने घरी विचारून यायचे की महिन्याला किती तेल लागते आणि माणसे किती. माणशी महिना अर्धा लिटर म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम, हे ढोबळ माप फळ्यावर लिहिले की भागाकारही होतो आणि संध्याकाळी घरी चर्चाही होते. सहावी-सातवीने पाकिटांवरची साखर वाचून तेवढी साखर चमच्याने काचेच्या पेल्यात काढावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेलाही तो लावायला कोणाची हरकत नसावी, फक्त त्यावर गावातल्या दुकानात खरोखर मिळणाऱ्या वस्तू असाव्यात.

एक गोष्ट मात्र कृपया पाळा. वर्गात कोणाचेही वजन मोठ्याने वाचू नका, आणि 'जाड्या' ही हाक शाळेत थांबवा. हिणवल्याने मूल खेळापासून दूर जाते, लपून खाऊ लागते आणि वजन आणखी वाढते. वाढीच्या वयातल्या मुलींबाबत तर अधिक जपावे लागते, त्या जेवण सोडतात आणि रक्तक्षय पदरात पाडून घेतात. तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला करू द्या आणि निष्कर्ष फक्त पालकांना सांगा.

शाळेच्या दारातल्या विक्रीबाबत कायदा आपल्या बाजूने आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या शाळांविषयीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर वा स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेत आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, आणि हे नियम जुलै २०२१ पासून लागू आहेत. अंमलबजावणीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा माणूस तालुक्याला रोज येणार नाही. शिवाय त्या टपरीवर बसलेली बाई बहुधा आपल्याच विद्यार्थ्याची आई असते, तिच्यावर कारवाईचा धाक दाखवून गाव दुभंगते. तिला मधल्या सुट्टीत उकडलेले चणे, शेंगा, घावणे, काकडी, फणसाचे गरे, बोरे विकता येतील अशी व्यवस्था लावून द्या आणि पाकिटे ५० मीटरच्या बाहेर न्यायला मुदत द्या. दुकानदाराचे पोट सांभाळले गेले तरच हा नियम टिकतो. वडे तळणाऱ्यांसाठीही नियम आहे, तळलेल्या तेलातील खराब घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल वापरता येत नाही. कालचे काळे तेल आज कढईत ओतायचे नाही, एवढे तरी ग्रामपंचायतीने जत्रेच्या दुकानांना परवानगी देताना सांगावे.

ग्रामपंचायतीने पहिला ठराव स्वतःविषयी करावा. ग्रामसभेला, बैठकीला, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला जे दिले जाते त्यातून साखरेचे बाटलीबंद पेय व बिस्किटे काढून टाकावीत. ताक, बिनसाखरेची सोलकढी, शेंगदाणे आणि केळी द्यावीत. पैशाच्या दृष्टीने ही लहान बाब आहे, पण गावाने काय योग्य ठरवले हे यातून सर्वांना दिसते. दुसरी गोष्ट पाखाड्यांची. रस्ता झाला, रिक्षा आली, आणि पटसंख्या कमी म्हणून वाडीतली शाळा बंद झाल्यावर मुले दूरच्या शाळेत वाहनाने जाऊ लागली. हमरस्त्यावर चालायला बाजूपट्टी नाही आणि पावसाळ्यात पाखाडी शेवाळाने निसरडी होते. गावविकास आराखड्यात पाखाडीची दुरुस्ती, कठडा आणि दिवे यांसाठी रक्कम ठेवता येते. बायकांना संध्याकाळी चालायला सुरक्षित वाट मिळणे हे आरोग्याचेच काम आहे, आणि एखाद्या उघड्या व्यायामशाळेपेक्षा त्याचा उपयोग जास्त माणसांना होतो. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम हवेत, ते इतक्यातून सहज होतात.

आरोग्य व्यवस्थेकडे एक साधन आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जोखमीचा तक्ता भरतात, त्यात कमरेच्या घेराला गुण असतात. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा आहे, आणि एकूण गुण ४ च्या पुढे गेले की त्या माणसाची तपासणी आधी करायची असते. घेर बरगडीचे खालचे टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर मोजावा. अनेकदा तो साडीवरून किंवा अंदाजाने लिहिला जातो. ज्यांच्याकडे टेप नाही त्यांनी आपल्या उंचीएवढी दोरी घ्यावी आणि ती मधोमध दुमडावी. दुमडलेली दोरी पोटाभोवती पुरली नाही, तर आरोग्यकेंद्रात जावे. ही पद्धत मी बचतगटांच्या बैठकांतून शिकवते आणि ती लोकांच्या चटकन लक्षात राहते. गरोदर स्त्रीचे पोषण व रक्तक्षय यांकडे अंगणवाडीने दिलेले लक्ष हा लठ्ठपणा रोखण्याचा सर्वांत पहिला टप्पा आहे, याचे कारण याज्ञिकांच्या अभ्यासाच्या निमित्ताने वर आलेच आहे.

काही नेहमीच्या शंकांना थोडक्यात उत्तरे देते. नारळ वर्ज्य नाही, पण ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ४०० च्या आसपास उष्मांक असतात, म्हणून आमटीत नारळाचे वाटण असेल त्या दिवशी भाजीवर पुन्हा मूठभर खोबरे नको. सुकी मासळी प्रथिनांनी उत्तम आहे, मात्र १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीच्या काळात ती रोजची होते आणि मीठही तेवढेच पोटात जाते. धुऊन, भिजवून वापरा आणि कालवणात वरून मीठ घालू नका. कोकम चांगले, पण बाटलीतला कोकम सरबताचा पाक म्हणजे मुख्यतः साखरच. हापूसच्या दिवसांत एक फळ जेवणाबरोबर खावे आणि त्या वेळचा भात थोडा कमी घ्यावा. आमरसात साखर घालायची गरज नसते. गणपतीतले मोदक खुशाल खा. पाच दिवसांच्या मोदकांनी वजन वाढत नाही, सण संपल्यावर डबाभर उरलेल्या फरसाणाने वाढते. पुरुषांच्या बाबतीत दारूचा उल्लेख टाळता येणार नाही : एका ग्रॅम मद्यात ७ उष्मांक असतात आणि सोबतचे तळलेले वेगळे.

वजन कमी करण्याची नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ज्यांना मधुमेहासह गंभीर लठ्ठपणा आहे अशा काही रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण गावाचे धोरण त्यांच्या भरवशावर आखता येणार नाही.

शेवटी, काय मोजायचे हे आधी ठरवा. पहिल्या वर्षी गावाचे सरासरी वजन घटेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते घटले नाही म्हणून समित्या निराश होतात आणि काम सोडून देतात. त्याऐवजी शाळेच्या ताटात आठवड्यातून किती दिवस ५० ग्रॅम भाजी खरोखर पडली, पूरक आहारात बिस्किटे किती वेळा आली, दाराजवळची पाकिटे ५० मीटरच्या बाहेर गेली का, किती बायकांचा घेर टेपने मोजला गेला आणि त्यांतल्या किती जणींची रक्तशर्करा प्रत्यक्ष तपासली, किती घरांचे तेल माणशी अर्ध्या लिटरच्या आत आले, एवढ्याच नोंदी ठेवा. त्या १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. नाचणीचे बियाणे हवे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आणि पिकवलेल्या नाचणीच्या विक्रीसाठी उमेदच्या (बचतगटांसाठीच्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कक्षाकडे पावसाच्या आधीच अर्ज करा, कारण रोहिणी नक्षत्र लागल्यावर शेतकऱ्याला कागद लिहायला सवड नसते.